बॉस्टनच्या टांकसाळीतील नाण्यांवरील ‘१६५२’ या सालाचा अर्थ

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. बॉस्टनजवळच्या एका जुन्या घरातील सामानाच्या विक्रीत आपल्याला चांदीचे एक नाणे मिळाले. त्याच्या एका बाजूस पाइनचे झाड आहे, तर दुसऱ्या बाजूस १६५२ हे साल आणि रोमन आकड्यांत बारा असे लिहिलेले आहे. नाण्याचा व्यास सुमारे २५ मिलिमीटर आहे आणि स्वयंपाकघरातील काट्यावर त्याचे वजन ५ ग्रॅम भरले. एका परिचिताने आपल्याला सांगितले की अशी नाणी १६८२ पर्यंत पाडली जात होती, आणि इंग्लंडच्या राजाच्या डोळ्यांत धूळ फेकण्यासाठी वसाहतीने त्यांवर जुनेच साल ठेवले. आपण विचारता की हे नाणे १६५२ चे आहे, नंतरचे आहे की बनावट आहे, आणि ही राजाला फसवल्याची गोष्ट खरी आहे का.

मी जवळपास तीस वर्षे जुन्या नाण्यांची वर्णनसूची करण्याचे काम करीत आहे. सुरुवात पुण्यात शिवराई आणि पेशवाईतील रुपये तपासण्यापासून झाली. गेली वीस वर्षे न्यू इंग्लंडमध्ये राहिल्यामुळे मॅसॅच्युसेट्सच्या या चांदीच्या नाण्यांशी माझा नित्याचा संबंध आला आहे. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्या एका प्रश्नात तीन निरनिराळे प्रश्न मिसळले आहेत: नाणे अस्सल आहे का, ते कोणत्या काळात पाडले गेले, आणि त्यावरील साल काय सांगते. पहिल्याचे उत्तर नाणे हातात घेतल्याशिवाय देता येत नाही, आणि छायाचित्रावरून ते छातीठोकपणे देणाऱ्यावर आपण विश्वास ठेवू नये. दुसऱ्याचे उत्तर, नाणे अस्सल आहे असे गृहीत धरून, बऱ्याच खात्रीने देता येते. तिसऱ्यावर माझे मत ठाम आहे आणि ते आपल्या परिचितांच्या मताहून वेगळे आहे.

प्रथम ही टांकसाळ का निघाली ते पाहिले पाहिजे, कारण सालाचे उत्तर तेथेच दडलेले आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीत नाण्यांचा कायम तुटवडा होता. इंग्लंडहून आलेले नाणे मालाच्या किमतीपोटी पुन्हा इंग्लंडलाच जाई. रोजचे व्यवहार मका, बीव्हरची कातडी आणि मूळच्या रहिवाशांकडून आलेले शिंपल्यांचे मणी म्हणजे वॅम्पम यांवर चालत. १६३५ मध्ये तर बंदुकीच्या गोळ्या प्रत्येकी एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, या दराने चलन म्हणून मान्य केल्या गेल्या होत्या. वेस्ट इंडीजशी मासे आणि लाकूड यांचा व्यापार वाढला तेव्हा त्या मार्गाने स्पॅनिश चांदी येऊ लागली. ही चांदी ओबडधोबड कापलेल्या तुकड्यांवर ठसा मारलेल्या नाण्यांच्या रूपात होती, आणि त्यांतील पुष्कळशी पोतोसी आणि मेक्सिको येथील टांकसाळींची होती. नेमक्या याच सुमारास, १६४९ मध्ये, पोतोसीच्या टांकसाळीत चांदीत भेसळ केल्याचे मोठे प्रकरण उघडकीस आले होते. म्हणजे बॉस्टनच्या व्यापाऱ्याच्या हाती येणारे नाणे वजनाने कमी, कसाने हलके किंवा सरळ खोटे असण्याची शक्यता दाट होती, आणि प्रत्येक देवघेवीत तराजू काढावा लागत होता.

या अडचणीवर उपाय म्हणून मे १६५२ मध्ये वसाहतीच्या जनरल कोर्टाने टांकसाळ काढण्याचा ठराव केला. जनरल कोर्ट हे नाव न्यायालयासारखे वाटत असले तरी ती वसाहतीची विधिसभा होती. टांकसाळीचे प्रमुखपद जॉन हल या बॉस्टनच्या चांदीकाम करणाऱ्या कारागिराला दिले गेले. १६२४ मध्ये इंग्लंडमधील मार्केट हार्बरो येथे जन्मलेला हल लहानपणीच वसाहतीत आला होता. त्याने आपला मित्र रॉबर्ट सँडरसन याला भागीदार म्हणून निवडले; सँडरसन लंडनमध्ये तयार झालेला कारागीर होता, आणि माझ्या मते या नाण्यांच्या कामातील सफाईचे मोठे श्रेय त्याला आहे. टांकसाळीसाठी १६ फूट लांबरुंद आणि १० फूट उंच अशी इमारत ठरवण्यात आली. एवढ्याशा खोलीतून निघालेली नाणी पुढे पुष्कळ वर्षे न्यू इंग्लंडच्या बाजारपेठेचा आधार राहिली, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

वजनाचा हिशेब आपण नीट समजून घ्यावा, कारण आपले नाणे तपासताना तोच सर्वांत उपयोगी पडणार आहे. चांदीचा कस इंग्लंडप्रमाणेच, म्हणजे हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी, असा ठेवण्यात आला. वजन मात्र मुद्दाम कमी ठेवले गेले. इंग्लंडमध्ये एका ट्रॉय औंसातून ६२ पेन्स पाडले जात. बॉस्टनमध्ये तेवढ्याच चांदीतून ८० पेन्स पाडायचे ठरले. ट्रॉय औंस ४८० ग्रेनचा असतो, त्यामुळे बॉस्टनचा शिलिंग, म्हणजे बारा पेन्सचे नाणे, बरोबर ७२ ग्रेनचा, म्हणजे ४.६७ ग्रॅमचा होतो, तर इंग्लंडचा शिलिंग साधारण ९३ ग्रेनचा, म्हणजे ६ ग्रॅमचा होता. यामागील विचार सरळ होता. नाणे हलके असेल तर लंडनचा व्यापारी ते त्याच्या दर्शनी किमतीला घेणार नाही, आणि म्हणून ते वसाहतीतच फिरत राहील. तरीही चांदी बाहेर जातच राहिली, म्हणून १६५४ मध्ये कोर्टाने २० शिलिंगांपेक्षा अधिक रक्कम वसाहतीबाहेर नेण्यास बंदी केली. हल आणि सँडरसन यांना मोबदला पाडलेल्या नाण्यांतून कापून घेण्याची मुभा होती. हा व्यवहार त्यांना इतका लाभदायक ठरला की पुढे कोर्टाने अटी बदलून घेण्यासाठी त्यांच्याशी पुनःपुन्हा घासाघीस केली.

पहिली नाणी अगदी साधी होती. कोऱ्या चकतीच्या एका बाजूस कडेजवळ न्यू इंग्लंडची एन आणि ई ही दोन आद्याक्षरे, आणि दुसऱ्या बाजूस रोमन आकड्यांत बारा, सहा किंवा तीन पेन्सची किंमत, एवढाच मजकूर असे. उरलेला पृष्ठभाग मोकळा असल्याने कोणीही कडा कातरून चांदी काढून घेऊ शके आणि नक्कल करणेही सोपे होते. म्हणून त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कोर्टाने नवा ठराव केला: दोन्ही बाजूंना कडेने दुहेरी वर्तुळ, त्या वर्तुळांमध्ये एका बाजूस वसाहतीचे नाव आणि मधोमध झाड, दुसऱ्या बाजूस न्यू इंग्लंड हे नाव, साल आणि किंमत. कडेची अक्षरे कातरली गेली की चोरी उघड व्हावी, हा त्यामागचा हेतू. हे ऑक्टोबरमधील ठरावाचे साल १६५२ आहे, एवढे आपण लक्षात ठेवावे.

यानंतर तीस वर्षे झाडाची नाणी पाडली गेली. संग्राहक त्यांचे विलो, ओक आणि पाइन असे भाग करतात. ही नावे मागाहून पडली आहेत, ठरावात केवळ ‘झाड’ असा उल्लेख आहे. विलोची नाणी साधारण १६५३ ते १६६० या काळातील, ओकची १६६० ते १६६७ मधील, मोठ्या चकतीची पाइनची १६६७ ते १६७४ मधील आणि लहान, जाड चकतीची पाइनची १६७५ ते १६८२ मधील मानली जातात. हे काळ नाण्यांवर लिहिलेले नाहीत. कागदपत्रांत दिसणारे टांकसाळीचे करार आणि ठशांचा क्रम जुळवून अभ्यासकांनी ते ठरवले आहेत, म्हणून ते एकदोन वर्षांनी मागेपुढे होऊ शकतात. घडणीची पद्धतही बदलत गेली. विलोची नाणी हाताने हातोडा मारून पाडलेली असल्याने त्यांवर ठसा बहुधा सरकून दुहेरी उमटलेला दिसतो. नंतरच्या मोठ्या पातळ चकत्यांसाठी वक्र ठसे डोलवून दाब देणारे यंत्र वापरले असावे, कारण त्या नाण्यांना बारीकसा बाक आणि किंचित लांबटपणा असतो.

या बाकाबद्दल एक आठवण सांगतो. काम नवीन असताना माझ्याकडे तपासणीसाठी आलेला एक शिलिंग मी केवळ तो सपाट नाही म्हणून संशयास्पद ठरवला होता. मी शिकलो होतो भारतीय नाण्यांवर, आणि जाड रुपयाला असा बाक पडत नाही. ज्या वयस्कर सूचीकाराने माझी ती चूक सुधारली, त्यांनी तो शिलिंग खिडकीशी तिरका धरून मला दाखवला: बाकाची दिशा आणि अक्षरे ताणली गेल्याची दिशा एकच होती, म्हणजे बाक नाणे घडतानाच आलेला होता. मालकाला मला पत्र लिहून आपले मत मागे घ्यावे लागले. तेव्हापासून नाणे कसे घडले हे समजल्याखेरीज त्याच्या अस्सलपणाविषयी बोलायचे नाही, हा नियम मी पाळतो.

आता सालाकडे वळू. या तीस वर्षांच्या सर्व नाण्यांवर १६५२ हेच साल आहे. अपवाद फक्त ओकच्या दोन पेन्सच्या नाण्याचा, ज्यावर १६६२ आहे. प्रचलित स्पष्टीकरण असे की नाणी पाडणे हा राजाचा अधिकार होता. पहिल्या चार्ल्सचा १६४९ मध्ये शिरच्छेद झाल्यावर इंग्लंडमध्ये राजा नव्हता, आणि १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आल्यानंतर वसाहतीने ‘ही सर्व नाणी राजा नसतानाची आहेत’ असे भासवण्यासाठी जुने साल चालू ठेवले. ही गोष्ट सांगायला सुटसुटीत असल्यामुळे अनेक पुस्तकांत आणि विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत आढळते. मीही पूर्वी ती संग्राहकांना सांगत असे. पण तीन गोष्टी तिच्या आड येतात.

पहिली गोष्ट विलोच्या नाण्यांची. ती १६५३ नंतरची आहेत, तेव्हा इंग्लंडमध्ये क्रॉमवेलची सत्ता होती आणि पुढे राजा येईल अशी कोणतीही चिन्हे नव्हती. तरीही त्यांवर १६५२ आहे. ज्याच्यापासून लपवायचे तो राजाच नसताना साल गोठवलेले असेल, तर त्याचे कारण लपवाछपवी असू शकत नाही.

दुसरी गोष्ट दोन पेन्सच्या नाण्याची. सुट्या पैशांची टंचाई दूर करण्यासाठी मे १६६२ मध्ये कोर्टाने हे नवे नाणे काढण्याचा स्वतंत्र ठराव केला आणि त्यावर १६६२ हे साल घातले. त्या वेळी दुसरा चार्ल्स गादीवर येऊन दोन वर्षे झाली होती. राजाला फसवणारी टांकसाळ आपल्या अपराधाचे वर्ष नाण्यावर उघडपणे कोरणार नाही. याउलट, साल म्हणजे त्या नाण्याला परवानगी देणाऱ्या ठरावाचे वर्ष असे मानले की १६५२ आणि १६६२ या दोन्हींचा उलगडा एकाच नियमाने होतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत निर्णायक वाटते. १६७६ मध्ये लंडनहून एडवर्ड रँडॉल्फ हा अधिकारी वसाहतीची चौकशी करण्यासाठी आला. त्याने आपल्या अहवालात लिहिले की हे लोक सार्वभौमत्वाची खूण म्हणून नाणी पाडतात आणि सर्व नाण्यांवर १६५२ हे साल घालतात, कारण त्याच वर्षी त्यांनी स्वतःला स्वतंत्र राज्य ठरवले. म्हणजे राजाच्या माणसाची या सालाने दिशाभूल तर झाली नाहीच, उलट त्याने त्यात बंडखोरीची खूण वाचली. त्याच्याही आधी, १६६५ मध्ये, राजाच्या आयुक्तांनी टांकसाळीचा कायदा रद्द करण्याची मागणी केली होती. टांकसाळ चालू आहे हे लंडनला ठाऊक होते. वसाहत ते लपवत नव्हती, तर उत्तर देण्यात वेळ काढत होती आणि मधूनमधून राजाला भेटी पाठवत होती. १६६६ मध्ये आरमारासाठी जहाजांच्या डोलकाठ्या आणि १६७७ मध्ये क्रॅनबेरी, मक्याच्या कण्या व तीन हजार कॉड मासे अशा या भेटी होत्या.

साल गोठवणे ही गोष्ट मला परकी वाटली नाही, याचे कारण माझे भारतातील शिक्षण आहे. बंगालमध्ये सराफ चालू सनाचा रुपया पूर्ण किमतीला घेत आणि जुन्या सनाच्या रुपयावर बट्टा लावत. हा बट्टा बंद व्हावा म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने रुपयावर शहा आलम बादशहाच्या कारकिर्दीचे एकोणिसावे वर्ष कायम ठेवले आणि अनेक दशके त्याच वर्षाचे रुपये पाडले. सुरतेच्या नावाच्या रुपयांवर त्याचप्रमाणे सेहेचाळिसावे वर्ष चालू राहिले. आपल्याकडे छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची शिवराई पेशवाईतही पाडली जात होती. बॉस्टनमधील कारण बंगालसारखे होते असा माझा दावा नाही. मला एवढेच सांगायचे आहे की नाण्यावरील सन पाहून ते त्याच वर्षी पडले असे मानण्याची सवय आधुनिक आहे. जुन्या टांकसाळीत साल हा बहुधा नाण्याच्या ओळखीचा भाग असे, आणि लोकांना परिचित झालेली ओळख बदलण्याचे कारण टांकसाळीला नसे.

राजाचा आक्षेप नेमका कशाला होता, हे समजण्यास मुंबईचे उदाहरण उपयोगी आहे. रँडॉल्फ बॉस्टनला पोहोचला त्याच वर्षी, १६७६ मध्ये, याच दुसऱ्या चार्ल्सने ईस्ट इंडिया कंपनीला मुंबईत रुपये आणि पैसे पाडण्याची सनद दिली. समुद्रापारच्या इंग्रज ठाण्यात टांकसाळ असण्याला त्याची हरकत नव्हती. बॉस्टनच्या लोकांनी ती कोणालाही न विचारता काढली, याला होती.

टांकसाळ बंद झाली तीही राजाच्या हुकमाने नव्हे. १६७५ मध्ये केलेला सात वर्षांचा करार १६८२ मध्ये संपला आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही. १६८३ मध्ये हलचे निधन झाले आणि १६८४ मध्ये वसाहतीची सनदच रद्द करण्यात आली; टांकसाळ हे तिच्याविरुद्धच्या आरोपांपैकी एक कलम होते. हलच्या मुलीला लग्नात तिच्या वजनाइतके पाइनचे शिलिंग दिले, अशी एक लाडकी दंतकथा आपल्या कानावर नक्की येईल. हॅना हल हिचे लग्न १६७६ मध्ये सॅम्युएल स्यूअल याच्याशी झाले आणि हुंडा ५०० पौंडांचा होता, जो हप्त्यांनी दिला गेला. ५०० पौंड म्हणजे १०,००० शिलिंग, आणि त्यांचे वजन सुमारे ४६ किलो ६५० ग्रॅम भरते. एका तरुण मुलीच्या वजनाशी हा आकडा जुळतो, आणि कथा कदाचित त्यातूनच जन्मली असावी.

आता आपल्या नाण्याविषयी. पाइनचे झाड आणि २५ मिलिमीटरचा व्यास या दोन गोष्टी एकत्र घेतल्या तर, नाणे अस्सल असल्यास, ते लहान चकतीच्या प्रकारातील, म्हणजे १६७५ ते १६८२ या काळातील असले पाहिजे. मोठ्या चकतीचा शिलिंग साधारण २७ ते ३१ मिलिमीटरचा असतो. अर्थात कडा कातरलेल्या मोठ्या नाण्याचा व्यासही २५ पर्यंत उतरू शकतो, म्हणून कडेची अक्षरे आणि बाहेरचे वर्तुळ पूर्ण आहे का ते पाहावे. अक्षरे अर्धवट कापलेली असतील आणि नाणे पातळ असेल, तर माझा हा निष्कर्ष बदलेल.

अस्सलपणाबाबत मात्र सावध राहावे लागेल. या नाण्यांच्या नकला फार जुन्या आहेत. १८५६ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या थॉमस वायट याने स्वतंत्र ठसे करून घेतलेल्या नकला अस्सल म्हणून बाजारात आल्या होत्या. विसाव्या शतकात स्मरणवस्तू म्हणून हजारोंनी प्रतिकृती विकल्या गेल्या आणि आता त्याच घरगुती विक्रीत निघतात. प्रामाणिक प्रतिकृतीवर कधी ‘प्रत’ या अर्थाचा इंग्रजी शब्द उमटवलेला असतो, पण जुन्या प्रतींवर तो नसतो. साच्यात ओतलेल्या नकलेची कड भिंगाखाली पाहिली तर तेथे घासून काढलेला जोड दिसतो आणि पृष्ठभागावर बारीक फोड असतात. ठशाने पाडलेल्या नकलेत हे दोष नसतात. तेथे झाडाच्या मुळांची रचना, अक्षरांमधील अंतर आणि सालाच्या आकड्यांची ठेवण ज्ञात ठशांशी एकेक करून ताडून पाहावी लागते. अस्सल नाण्यांचे सर्व ठसे अभ्यासकांनी क्रमांक देऊन नोंदवले आहेत, त्यामुळे कोणत्याही ज्ञात ठशाशी न जुळणारे नाणे जवळजवळ नेहमी बनावट निघते.

आपण दिलेले ५ ग्रॅम हे वजन तूर्त बाजूला ठेवू. स्वयंपाकघरातील काटा पूर्ण ग्रॅमच दाखवत असेल, तर प्रत्यक्ष वजन साडेचार ते साडेपाच यांच्यामध्ये कोठेही असू शकते. अस्सल शिलिंग ४.६७ ग्रॅमच्या आसपास भरतो. झिजलेला किंवा कातरलेला असेल तर कमी भरतो, आणि लक्षणीय जास्त भरला तर तेच संशयाचे कारण असते. एखाद्या सराफाकडे ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा असतो. तेथे वजन करून घ्यावे. नाणे कोणत्याही परिस्थितीत चिंच, लिंबू, टूथपेस्ट किंवा भांडी घासण्याच्या पावडरीने साफ करू नये. आपल्या घरांत चांदी उजळण्याची सवय असते हे मी जाणतो, पण नाण्यावरचा काळसर थर हा त्याच्या वयाचा पुरावा असतो आणि तो एकदा गेला की परत येत नाही. दोन दशांश स्थळांपर्यंतचे वजन, दोन्ही बाजूंची तिरक्या उजेडात घेतलेली छायाचित्रे आणि कडेचे एक जवळून घेतलेले छायाचित्र आपण पाठवल्यास, हे नाणे कोणत्या ठशाशी जुळते ते मी ताडून पाहीन आणि ते प्रत्यक्ष तज्ज्ञाकडे नेण्याजोगे आहे की नाही, हे आपल्याला कळवीन.